गाण्याची पट्टी कोण ठरवतं?

माझी मुलगी गेल्या दिवाळीपासून गिटार शिकतेय. परवा तिनं चक बेरी या अमेरिकन रॉक अँड रोल गायक-गिटारवाल्याचं 'जॉनी बी. गुड' बसवायला घेतलं आणि अर्ध्या तासात वैतागून माझ्याकडे आली. "बाबा, हे गाणं काळी पाचमध्ये का आहे? एकही मोकळी तार नीट कामाला येत नाही!" मी पेटीवाला, भजनी मंडळात पंचवीस वर्षं साथ करतोय. त्यामुळे आमच्या घरात सगळं पट्टीतच, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीला सा धरला त्यावरूनच, बोललं जातं. बी फ्लॅट म्हटलं तर तिच्या आईला कळणार नाही, काळी पाच म्हटलं की लगेच कळतं.

मुलीचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा होता. "रॉक म्हणजे गिटार" हे मी कॉलेजपासून ऐकत आलोय आणि मला ते कधीच पटलेलं नाही. रॉकमध्ये पियानो-ऑर्गनवाल्यांचाही मोठा हात आहे, असं मला का वाटतं ते तिला सांगितलं. तेच इथे जरा विस्तारानं लिहितोय.

गिटारच्या सहा तारा मोकळ्या छेडल्या तर काय मिळतं? पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि वरची पांढरी तीन. एकही काळी नाही. म्हणून गिटार मांडीवर घेऊन चाल बांधणारा माणूस आपसूक पांढरी तीन किंवा पांढरी सहाकडे वळतो. तिथे तारा स्वतःहून गातात. काळी पाचमध्ये मात्र प्रत्येक कॉर्डसाठी (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडीसाठी) अख्खं बोट आडवं दाबून धरावं लागतं. मग चक बेरीसारखा गिटारवाला आपली इतकी गाणी काळी पाचमध्ये का वाजवत होता? १९५५ चं त्याचं पहिलं गाजलेलं गाणं 'मेबेलीन', तेही काळी पाचमध्येच आहे.

कारण या पट्ट्या पियानोच्या आणि सॅक्सोफोनच्या हातातल्या आहेत. आणि बेरीच्या शेजारी पियानोवर जॉनी जॉन्सन बसलेला होता.

जॉन्सनची गोष्ट मला मनापासून लागते. सेंट लुईसमध्ये त्याचं स्वतःचं त्रिकूट होतं. १९५२ च्या ३१ डिसेंबरला त्याचा सॅक्सोफोनवाला आजारी पडला, म्हणून एका रात्रीपुरतं त्यानं चक बेरी नावाच्या तरुणाला बोलावलं. बेरी आला, त्यानं गर्दी जिंकली, आणि हळूहळू ते त्रिकूट बेरीचं झालं. जॉन्सननं तक्रार केली नाही. पुढची वीसेक वर्षं तो त्याच्या मागे वाजवत राहिला. शब्द बेरीचे, रंगमंचावरची ती जादू बेरीची, यात वाद नाही आणि मला बेरी अतिशय आवडतो. पण ती गिटार नीट ऐका. तिच्यातले कितीतरी तुकडे पियानोवरच्या उजव्या हाताचे आहेत, तारांवर उतरवलेले. रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडच्या गिटारवाल्या कीथ रिचर्ड्सनं १९८६ मध्ये बेरीच्या साठीनिमित्त कार्यक्रम बांधायला घेतला तेव्हा त्यानं हेच म्हटलं, की या पट्ट्या पियानोच्या आहेत, गिटारच्या नाहीत. त्यानं जॉन्सनला शोधून आणलं. जॉन्सन तेव्हा सेंट लुईसमध्ये बस चालवत होता.

२००१ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं जॉन्सनला मान दिला, तो साथीदारांच्या वर्गात. त्याच्या आदल्या वर्षी त्यानं बेरीवर दावा लावला होता, की या गाण्यांच्या चालींत माझाही वाटा आहे. २००२ मध्ये न्यायालयानं दावा काढून टाकला. फार वर्षं लोटली, एवढंच कारण. चाल कोणाची, या प्रश्नापर्यंत प्रकरण पोचलंच नाही. २००५ मध्ये जॉन्सन गेला.

आता याच्या बरोबर उलटं प्रकरण. १९६७ चं 'अ व्हायटर शेड ऑफ पेल', प्रोकोल हारम या इंग्लिश बँडचं. या गाण्याचे शब्द किती जणांना कळले असतील ते असो, पण सुरुवातीची ती ऑर्गनची धून एकदा ऐकली की दिवसभर डोक्यातून जात नाही. जुना जर्मन संगीतकार बाख याच्या वळणाची, खालचा सूर पायरी पायरीनं उतरत जाणारा आणि वरती ती संथ, आर्त धून. ती मॅथ्यू फिशरनं वाजवली आणि त्यानंच बांधली. गाण्यावर नावं मात्र दोनच, संगीतकार गॅरी ब्रूकर आणि गीतकार कीथ रीड. फिशरनं २००५ मध्ये दावा केला. डिसेंबर २००६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं त्याला संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा दिला, वरच्या न्यायालयानं तो पैशापुरता काढून घेतला, आणि जुलै २००९ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायासनानं, एकमतानं परत दिला. अडतीस वर्षांचा उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, असं तिथल्या न्यायाधीशांनी म्हटलं. ती बातमी वाचली तेव्हा मी खरोखर उठून उभा राहिलो होतो. ऑर्गनवाल्यानं वाजवलेला तुकडा ही सजावट नसते, ती रचना असू शकते, हे एका देशाच्या सर्वोच्च न्यायासनानं मान्य केलं होतं.

बाकी उदाहरणं काय, पावलोपावली आहेत. रोलिंग स्टोन्सच्या पहिल्या दिवसांपासूनचा पियानोवादक इयन स्टुअर्ट. १९६३ मध्ये मॅनेजरनं त्याला बँडमधून काढलं, कारण सहा माणसं जास्त होतात आणि हा दिसायला तसा नाही. तो गेला नाही. सामान वाहिलं, गाडी चालवली, आणि १९८५ मध्ये मरेपर्यंत रेकॉर्डिंगला पियानो वाजवत राहिला. (मायनर, म्हणजे उदास छटेची, कॉर्ड मात्र त्याला चालायची नाही. म्हणून स्टोन्सच्या 'वाइल्ड हॉर्सेस'वर पियानो दुसऱ्याच माणसाचा आहे. ही निष्ठा मला फार आवडते.) पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडच्या कीबोर्डवाल्या रिक राइटला 'द वॉल'च्या वेळी बँडमधून बाहेर काढलं आणि त्याच अल्बमच्या कार्यक्रमांत पगारी वादक म्हणून उभं केलं. ज्याच्या कॉर्ड्सवर 'द ग्रेट गिग इन द स्काय' उभं आहे, तो पगारी!

हे असं का होतं? मला वाटतं, यात वाद्याच्या वजनाचाही मोठा भाग आहे. गिटार गळ्यात अडकवून माणूस लोकांच्या अगदी पुढ्यात जाऊ शकतो. हॅमंड बी-थ्री ऑर्गन बाक आणि पायपट्ट्यांसकट दोनशे किलोच्या आसपास भरतो. तो वाजवणारा एका जागी बसून राहतो, बऱ्याचदा प्रेक्षकांकडे बाजू करून. डोळे गिटारवर जातात आणि कान डोळ्यांच्या मागे जातात. डीप पर्पल या इंग्लिश बँडच्या ऑर्गनवाल्या जॉन लॉर्डनं यावर स्वतःचा उपाय काढला. हॅमंडबरोबर साधारणपणे लेस्लीचा फिरता स्पीकर वापरतात, त्यात आवाज लाटेसारखा गोल गोल येतो. लॉर्डनं ऑर्गन थेट मार्शल अॅम्प्लिफायरला जोडला, म्हणजे गिटारवाल्यांच्याच यंत्राला. आवाज फाटला, खरखरीत झाला, गिटारच्या तोडीस तोड झाला. एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल मुंबईत वाजवून गेले तेव्हा मी त्या गर्दीत होतो. ऑर्गनचा खर्ज छातीच्या पिंजऱ्यात जाणवतो, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

आणि डावा हात! पेटीवाल्याला या हाताचं खास अप्रूप असतं, कारण आमचा डावा हात जन्मभर भात्यावर. आमची सगळी कमाई उजव्या हाताची. आपल्या संगीत नाटकातल्या ऑर्गनला भाता पायाखाली असायचा, त्यामुळे दोन्ही हात मोकळे, आणि म्हणून तो साथीला इतका भरदार वाटायचा. द डोअर्स या अमेरिकन बँडकडे रंगमंचावर बेस गिटार वाजवणारा माणूसच नव्हता. रे मँझारेक उजव्या हातानं ऑर्गन आणि डाव्या हातानं ऱ्होड्सचा छोटा पियानो बेस वाजवायचा. अख्ख्या बँडचा पाया एका माणसाच्या डाव्या हातात. आता हा माणूस मागे बसून रिकाम्या जागा भरतोय, असं कोण म्हणेल?

आपल्याकडे निदान 'साथ' हा शब्द आहे. चांगल्या साथीला मैफलीत दाद मिळते, गाणारा स्वतः मान वळवून दाद देतो. पण नाव कागदावर कोणाचं लागतं हा प्रश्न आपल्याकडेही आहेच. तुमच्या कॉलेजच्या बँडमध्ये कीबोर्डवर कोण होतं, आठवतंय? गिटारवाल्याचं नाव मात्र लगेच आठवलं असेल.

परवा हे सगळं सांगून झाल्यावर मुलीनं गिटारच्या पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला. पांढरी सहाची बोटं धरली की काळी पाच मिळते, हे तिनं तिचं तिनं शोधलं. मी पेटी काढली. दोन-तीनदा वाजवल्यावर ती थांबली, हेडफोन घातले आणि 'मेबेलीन' लावलं. त्यात पियानो खूप मागे आहे, गिटार आणि ढोलांच्या खाली दबलेला. बराच वेळ ती डोळे मिटून बसली होती. मग एक हेडफोन काढून माझ्या कानाला लावला आणि म्हणाली, "इथे आहे. ऐका."