'गुगलची हमाली' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. साइटमॅपवरच्या, म्हणजे ब्लॉगच्या पत्त्यांची जी यादी गुगलला देतात तिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मराठीत लिहिणाऱ्याने गुगलची हमाली का करावी, चांगलं लिहिलं की वाचक आपोआप येतो, शीर्षकात कीवर्ड (लोक गुगलवर शोधायला टाकतात ते शब्द) कोंबले की भाषेची माती होते, आणि माझं ऐकून साइटमॅप देऊन पाच आठवडे झाले, तरी तुमचे निम्मे लेख गुगलवर सापडत नाहीत.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. साइटमॅप दिला की लेख इंडेक्स होतात, म्हणजे गुगलच्या शोधयादीत जातात, असं मी बेधडक लिहून गेलो. साइटमॅप ही नुसती पत्त्यांची यादी. पत्रिका पोचली म्हणजे पाहुणे जेवून गेले असं थोडंच असतं? पुढे काय झालं ते सर्च कन्सोलच्या (ब्लॉगवाल्यांसाठी गुगलनेच दिलेल्या साधनाच्या) 'पेजेस' अहवालात कळतं. लेखापुढे 'डिस्कव्हर्ड' असेल, तर गुगलबाबांना पत्ता कळलाय पण स्वारी अजून आलेली नाही. 'क्रॉल्ड' असूनही इंडेक्स नसेल, तर ते आले, वाचलं आणि ठेवून घेतलं नाही. पहिल्या प्रकारात जुन्या लेखांतून नव्या लेखाला दुवे द्यायचे आणि वाट बघायची. दुसऱ्यात आपलंच पान पुन्हा नीट बघायचं. 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग'चं बटण एकाच पत्त्यासाठी पुन्हा पुन्हा दाबून काम लवकर होत नाही, हे गुगलनेच सांगून ठेवलंय. (मी आठवडाभर दाबलंय, रोज सकाळी चहाबरोबर.) त्याच अहवालात रोबोट्स फाइलने (गुगलने कुठल्या पानांवर जाऊ नये ते सांगणाऱ्या फाइलने) अडवलेल्या पानांची यादी दिसली तर घाबरू नका. ती बहुतेक लेबलांची, म्हणजे एका विषयाचे लेख एकत्र दाखवणारी पानं असतात, ब्लॉगर ही गुगलची ब्लॉगसेवा ती मुद्दामच बंद ठेवते.

मग तुमचा ब्लॉग उघडला. अकरा लेख म्हणजे दिवाळी अंकांच्या पानांचे फोटो! पानावर मजकूर म्हणून आहे काय, तर शीर्षक आणि 'वाचा आणि कळवा'. आणखी दोन लेख जुन्या फाँटमधून तसेच चिकटवलेत. तुमच्या संगणकावर तो फाँट आहे, म्हणून तुम्हाला छान मराठी दिसतं. माझ्या मोबाइलवर रोमन अक्षरांचा आणि कंसांचा नुसता भुसा दिसला. गुगललाही तोच भुसा मिळतो. त्यात मराठी शब्द त्याला सापडणार कुठून? युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांत बदलून घेतल्याशिवाय या दोन लेखांना गत्यंतर नाही.

कीवर्ड कोंबण्याबद्दल तुमचा राग मला पटतो. पानाच्या कोडमध्ये कीवर्ड लिहायचा तो जुना, वाचकाला न दिसणारा मेटा रकाना तर गुगल क्रमवारीसाठी बघतच नाही, हे त्यांनी २००९ सालीच जाहीर केलंय. पण माझीच एक गोष्ट सांगतो. कल्हईवाल्यावर मी एक लेख लिहिला होता, शीर्षक 'रुपेरी'. भाता, नवसागराचा धूर, कथलाची कांडी फिरली की पातेल्यात उजळणारा चेहरा, सगळं होतं. 'कल्हई' हा शब्द मात्र थेट आठव्या परिच्छेदात. दोन वर्षं तो लेख माझ्या ओळखीच्या माणसांनीच वाचला. शीर्षक मी बदललं नाही. फक्त पहिलं वाक्य असं केलं: 'पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा आमच्या आळीत वर्षातून दोनदा यायचा.' वाक्य वाईट आहे का, तुम्हीच सांगा. नंतर काही महिन्यांनी एका बाईंची मेल आली, सासूबाईंच्या पातेल्याला कल्हई कुठे करून मिळेल म्हणून. त्यांनी गुगलवर 'पातेल्याला कल्हई' एवढंच टाकलं होतं.

चांगलं लिहिलं की वाचक येतो, हे तुमचं वाक्य छापील अंकाला लागू आहे. तिथे अंक घरी येतो आणि माणूस पानं उलटतो. इथे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला दुवा दोन दिवसांत 'शुभ सकाळ'खाली गाडला जातो. त्या बाईंपर्यंत तो कधीच पोचला नसता.

कोणते लेख सापडतात हे बघायचं तर गुगलमध्ये इंग्रजीत 'साइट', लगेच कोलन आणि त्याला चिकटून ब्लॉगचा पत्ता टाका. मराठी कळफलकावरचा विसर्ग चालत नाही, त्यात माझी अर्धी दुपार गेली होती. ही यादी कधी कधी अपुरी येते, म्हणून एखाद्या लेखाची खात्री करायला कन्सोलमध्ये त्याचा पत्ता तपासा.

सगळे अकरा लेख एकदम टाइप करत बसू नका. लाकडी घाण्याच्या तेलावरचा लेख तेवढा आधी घ्या, फार चांगला आहे. त्याचे फोटो गुगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडा, मजकूर बऱ्यापैकी सुटा होऊन येतो. रफार आणि जोडाक्षरं तेवढी डोळ्यांखालून घाला. निदान एवढी हमाली गुगल तुमची करील.

माझ्या लेखातलं ते चुकीचं वाक्य आज दुरुस्त केलंय. पुसलं नाही, त्यावर रेघ मारून खाली तुमच्या प्रतिक्रियेचा दुवा दिलाय.