माधुरीचा अपमान आणि राजचा व्हिसा

२०२३च्या मार्चमध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अचानक माधुरी दीक्षित अवतरली. ‘द बिग बँग थिअरी’ या अमेरिकी मालिकेत तिच्याबद्दल घाणेरडा शेरा आहे, म्हणून नेटफ्लिक्सला भारतातून कायदेशीर नोटीस गेली होती. पुण्यापासून ठाण्यापर्यंतची सगळी आते-मामे भावंडं पेटून उठली होती. मी न्यू जर्सीत राहत असल्यामुळे जाब मला विचारला गेला. “तुमच्या अमेरिकेत हे चालतं कसं?” आत्येबहिणीने लिहिलं. इथे कितीही वर्षं काढा, कर भरा, बर्फ उपसा. अमेरिका ‘तुमची’ होते ती फक्त अशा वेळी.

तो प्रसंग दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागातला, म्हणजे सप्टेंबर २००८चा. शेल्डन आणि राज ही मालिकेतली दोन मुख्य पात्रं हिंदी सिनेमा बघत बसलीत. शेल्डन म्हणतो, ऐश्वर्या राय म्हणजे गरिबांची माधुरी. राज भडकतो. ऐश्वर्या देवी आहे, तिच्यापुढे माधुरी म्हणजे कुष्ठरोगी वेश्या, असं उत्तर देतो. विनोद हीन आहे, यात वाद नाही. पण माधुरीची बाजू घेणारा शेल्डन मूळचा टेक्ससचा आणि शिवी देणारा राज दिल्लीचा, हे ग्रुपवर कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि आनंदवन ज्या महाराष्ट्रात आहे तिथल्या इतक्या माणसांपैकी एकालाही त्यातला ‘कुष्ठरोगी’ खुपला नाही. अपमान झाला तो नटीचा, एवढंच सर्वांनी धरून ठेवलं.

मला या मालिकेबद्दल तक्रार आहे, पण ती वेगळीच. ती शेवटचा, बारावा सीझन बघताना तयार झाली.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियात पॅसाडेनातल्या कॅलटेक या विज्ञान विद्यापीठात काम करणारे शेल्डन, लेनर्ड, हॉवर्ड आणि राज हे चार मित्र, समोरच्या घरात राहणारी पेनी, पुढे एमी धरून आणखी दोन मैत्रिणी. सप्टेंबर २००७ ते मे २०१९, एकूण २७९ भाग. राज, म्हणजे राजेश कूथ्रपल्ली, हा त्यातला खगोलशास्त्रज्ञ. आडनाव थेट केरळच्या वाटेवरचं आणि घर दिल्लीत; लेखकांनी नकाशा उघडायचे कष्ट घेतले नसावेत. साकारणारा कुणाल नय्यर मात्र खरोखर दिल्लीत वाढला आणि शिकायला ऑरेगनमधल्या पोर्टलंडला आला.

सहा सीझन दारू प्यायल्याशिवाय बायकांशी बोलू न शकणारा हा राज बाराव्या सीझनमध्ये थकून वडिलांना सांगतो, माझं लग्न तुम्हीच ठरवा. स्थळ येतं अनूचं. ती हॉटेलात नोकरी करणारी, स्वतःचं मत असलेली मुलगी. रेस्टॉरंटमध्ये दोघं भेटतात, आडपडदा न ठेवता प्रश्न विचारतात आणि शेवटी तीच त्याला मागणी घालते. माझ्या ओळखीतल्या काहींना हे फार लागलं. भारतीय म्हटला की याला ठरवून लग्नच का, पुन्हा तोच साचा का? मला तो प्रसंग सबंध मालिकेतल्या सर्वांत खऱ्या प्रसंगांपैकी एक वाटतो. इथे एडिसन गावातल्या कॉफीच्या दुकानांत शनिवारी दुपारी हेच चालतं. कांदेपोह्यांची बशी नसते इतकंच. उलट मालिकेतली प्रश्नावली अपुरी होती. आमच्याकडे पगार आणि पत्रिकेच्याही आधी विचारतात, “आय-१४० मंजूर झालंय का? प्रायॉरिटी डेट कोणती?” म्हणजे ग्रीन कार्डासाठी मालकाने केलेला अर्ज पास झाला का, आणि रांगेत नंबर कुठल्या तारखेचा. कारण लग्नानंतर एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या कामाच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, येणाऱ्या बायकोला नोकरी करता येणार की नाही, हे पुष्कळदा त्या कागदावर ठरतं. २०१५पर्यंत तर तशी परवानगी नव्हतीच. उच्चशिक्षित बायका वर्षानुवर्षं घरी बसल्या. कुणी केक शिकलं, कुणी नैराश्याच्या गोळ्या घेतल्या.

अनू आणि राज एकमेकांना हे विचारत नाहीत.

मालिकेला हा विषय माहीतच नव्हता असं नाही. ऑक्टोबर २००९मध्ये दाखवलेल्या एका भागात राजचं संशोधन फसतं, व्हिसा जाणार, भारतात परत जावं लागणार अशी वेळ येते. मग तो शेल्डनच्या हाताखाली काम पत्करतो आणि वाचतो. तेव्हा नोकरी सुटल्यावर दुसरी शोधायला साठ दिवसांची मुभा देणारा नियमही नव्हता, तो आला जानेवारी २०१७मध्ये. त्या एका भागात राजचा चेहरा जसा उतरतो तसे चेहरे मी मंदीच्या त्या दिवसांत प्रत्यक्ष पाहिले. पण भाग संपला आणि विषयही संपला. पुढची दहा वर्षं राज त्या देशात कशाच्या जोरावर राहिला, याची चौकशी कुणीच करत नाही.

समजा, त्याच सुमाराला विद्यापीठाने त्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज उच्चशिक्षितांच्या नेहमीच्या ईबी-२ गटात टाकला. एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांपेक्षा जास्त कार्डं नाहीत, हा १९९०च्या कायद्यापासूनचा हिशेब. देश आइसलंड असो की भारत, मर्यादा तीच. मे २०१९मध्ये, म्हणजे मालिकेचा शेवटचा भाग लागला त्या महिन्यात, व्हिसा बुलेटिनवर, म्हणजे रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या सरकारी मासिक पत्रकावर, या गटात भारतीयांचा नंबर पोचला होता एप्रिल २००९पर्यंत. म्हणजे शेल्डनला नोबेल मिळालं तरी राज रांगेतच. नामवंत संशोधकांसाठी वेगळी रांग असते, हे मला ठाऊक आहे. पण ज्याचं संशोधन फसलं म्हणून कथानक उभं राहिलं त्याला त्या रांगेत कोण उभं करणार?

आणि गंमत म्हणजे अमेरिकी विनोदी मालिकांना हे जमत नाही असंही नाही. राजचे वडील लॅपटॉपच्या पडद्यावरून उपदेश करतात, ते काम करणारा ब्रायन जॉर्ज हा नट त्याआधी ‘साइनफेल्ड’मध्ये बाबू भट होता. न्यू यॉर्कमधला पाकिस्तानी हॉटेलवाला. १९९३च्या एका भागात त्याचे व्हिसाचे कागद चुकून नायक जेरीच्या टपालात जातात, तिथे पडून राहतात आणि बाबूला देशाबाहेर काढलं जातं. क्रूर विनोद आहे, पण ज्याने कधी यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या, पाकिटाची वाट पाहत टपालपेटी दिवसातून तीनदा उघडली आहे, त्याला तो विनोद बरोबर जागी लागतो. लिहिणाऱ्याला कागदाचं वजन कळलं होतं. बिग बँगवाल्यांनी राजला उच्चार दिला, करीबद्दलचे विनोद दिले, श्रीमंत आईबाप दिले, कुत्रीही दिली. कागद दिला नाही.

हे मी आत्येबहिणीला लिहिलं तेव्हा तिचं उत्तर आलं, “मग परत का येत नाही तुम्ही लोक?” घरच्या वादांना हे वळण लागतंच. एक पक्ष म्हणतो, तिकडे मान नाही तर राहता कशाला. दुसरा म्हणतो, तिकडे मजेत आहात, इथल्या गोष्टीत बोलू नका. आपल्याकडच्या मराठी मालिकांतला परदेशस्थ मुलगाही असाच. चाकांची बॅग ओढत येतो, आईच्या हातची पुरणपोळी खातो, दोन भागांत विमानाने जातो. त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसा चालू आहे की संपलाय, हे तिथेही कुणी विचारत नाही. अमेरिकी लेखक निदान परके आहेत.

खरी मौज शेवटच्या काही भागांत आहे. साखरपुडा मोडून ‘आधी ओळख वाढवू’ असं ठरल्यावर अनूला लंडनला नोकरी मिळते. राज तिच्यामागे निघतो आणि हॉवर्ड विमानतळावर जाऊन त्याला थांबवतो. सगळी चर्चा प्रेमाची आणि एकटेपणाची. लंडनला गेलास तर इथल्या अर्जाचं काय, परत यायला पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का, म्हणजे स्टॅम्पिंग, लागेल त्याचं काय, हे ना राज बोलतो ना हॉवर्ड. मग अखेरच्या भागात सगळे स्टॉकहोमला जातात. शेल्डन आणि एमीला नोबेल, पेनी गरोदर, हॉवर्डला दोन मुलं, इतकी वर्षं बंद पडलेली लिफ्टसुद्धा चालू. राजच्या वाट्याला येते विमानात शेजारी बसलेली नटी सारा मिशेल गेलर, समारंभापुरती.

घरी सगळे हसत होते. मी बायकोकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. ती म्हणाली, “याचं स्टॅम्पिंग झालंय का? परत कसा येणार हा?”

मुलगी इथे जन्मलेली. तिने विचारलं, “स्टॅम्पिंग म्हणजे काय?”