रेशीमकिड्याच्या पावडरीने इन्सुलिन सुटत नाही

'रेशीमकिड्यात नैसर्गिक इन्सुलिन असतं, म्हणून किड्यांना मधुमेह होत नाही. जपान्यांनी ते कधीच शोधलं, औषध कंपन्यांनी दडपलं. वाळवलेल्या किड्याची पावडर रोज एक चमचा घ्या आणि सुया बंद करा.' हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. परवा तो माझ्या मावसबहिणीकडे पोचला. तिच्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे. तिने मला विचारलं, "ताई, डोस अर्धा करून बघू का गं?" आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी दडपल्याचं बघू. १९८४ साली नागासावा, इशिझाकी, सुझुकी या जपानी शास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी हा शोध 'सायन्स' या जगभर वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात छापला. अळीला कात टाकायला लावणारं संप्रेरक ते रेशीम पतंगाच्या मेंदूत शोधत होते. हाती लागलं ते इन्सुलिनशी साम्य असलेलं प्रथिन. पुढे त्याला बॉम्बिक्सिन म्हणू लागले. म्हणजे किड्यात इन्सुलिनसारखं काहीतरी असतं, एवढं खरं आहे.

पण 'सारखं' म्हणजे तेच नव्हे. दोघांची रचना साधारण ४० टक्केच जुळते. किड्याच्या रक्तातली मुख्य साखरही ग्लुकोज नसून ट्रेहॅलोज असते. शिवाय बॉम्बिक्सिन मेंदूतल्या मोजक्या पेशींत तयार होतं. लाखो पतंगांची डोकी वापरून शास्त्रज्ञांना ते मायक्रोग्रॅममध्ये मिळालं, आणि मेसेजवाला चमच्याने मोजतोय!

किड्यांना मधुमेह होत नाही, हेही खोटं. फळमाशीच्या मेंदूतल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या तर तिची वाढ खुंटते आणि रक्तातली साखर चढते. हे २००२ साली दाखवून झालंय.

पावडरीत एक गोष्ट खरोखर असते, ती मी नाकारत नाही. तुतीच्या पानांतलं डीऑक्सिनोजिरिमायसिन किड्याच्या अंगात साठतं. ते आतड्यात पिठूळ पदार्थांचं पचन मंदावतं, त्यामुळे जेवणानंतरची साखर थोडी सावकाश चढू शकते. कोरियात ही पावडर विकतात ती याच जोरावर. यात इन्सुलिनचा संबंध कुठेच नाही.

आता सगळ्यात घातक वाक्य: 'सुया बंद करा.' इन्सुलिन प्रथिन आहे. ते तोंडाने घेतलं की डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं, मग ते माणसाचं असो की किड्याचं. १९२२ पासून ते टोचावं लागतंय ते याचमुळे. टाइप १ मध्ये शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. ते बाहेरून मिळालं नाही तर शरीर चरबी जाळत सुटतं, रक्तात कीटोन साठतात, रक्त आम्लधर्मी होतं. मूल दगावायला आठवडा लागत नाही.

बहिणीला मी सांगितलं तेच इथे सांगते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक युनिटही कमी करू नका. कुणी आधीच डोस चुकवला असेल आणि उलट्या, पोटदुखी, खूप तहान, खोल जलद श्वास किंवा तोंडाला गोडसर वास येत असेल, तर साखर तपासा आणि लगेच, रात्र असली तरी, दवाखान्यात न्या.