डेटाबेसमधली पीएच.डी. म्हणजे एसक्यूएलचा क्लास नव्हे

बारावीच्या निकालानंतर नाशिकच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘डेटाबेसमध्ये पीएच.डी. म्हणजे एसक्यूएल शिकणं, गणिताच्या मुलांनी तिकडे वळू नये.’ एसक्यूएल म्हणजे डेटाबेसमधून माहिती विचारून काढायची भाषा; पण पीएच.डी. म्हणजे तेवढंच, हे साफ चुकीचं आहे. मी हा विषय शिकवतो, म्हणून राहवलं नाही.

मुळात हा विषयच गणितातून उभा राहिला. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली, आयबीएम या संगणक कंपनीत असताना, रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत, गणितातल्या संबंधांसारखी मांडायची रीत, मांडलं; १९८१चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान, त्यांना त्यासाठीच मिळाला.

आता आपल्याकडचंच उदाहरण घ्या. तीन तक्ते: कोणत्या शेतकऱ्याने कोणत्या व्यापाऱ्याला कांदा दिला, कोणता व्यापारी कोणत्या बाजार समितीत बोली लावतो, आणि कोणता शेतकरी कोणत्या समितीत, लासलगावला की पिंपळगावला, माल नेतो. प्रत्येकात १०,००० वेगवेगळ्या ओळी. तिन्हीत जुळणारी शेतकरी-व्यापारी-समिती अशी त्रिकुटं हवीत. आधी दोन तक्ते जोडले, तर वाईटात वाईट परिस्थितीत मधेच १० कोटी ओळी तयार होतात. पण अंतिम उत्तर १० लाखांच्या वर जाऊच शकत नाही! ही मर्यादा २००८ साली सिद्ध झाली, आणि तिन्ही तक्ते एकत्र हाताळून तेवढ्याच कामात उत्तर काढणारी रीत २०१२ साली आली. यातली सिद्धता वाचताना मला आजही अंगावर काटा येतो.

हे काम करणारी माणसं थिअरीवालीच आहेत. डेटाबेसच्या सिद्धांतावरची त्यांची पॉड्स ही परिषद १९८२पासून भरते. एसक्यूएल लागतं, पण ते चार आठवड्यांत येतं. तर्कशास्त्र आणि संयोगशास्त्र (मोजणीचं गणित) यांना वर्षं द्यावी लागतात. ज्या मुलीला सिद्धता लिहायला आवडते, तिला कृपया या मेसेजवरून अडवू नका.