डबेवाल्यांचं नाव घेऊन आम्हाला गप्प बसवू नका

"डबेवाल्यांना ना बॉस, ना ट्रेनिंग, तरी सिक्स सिग्मा! कारण प्रत्येक जण स्वतःचा लीडर. आणि तुम्ही एसीत बसून कामात मन लागत नाही म्हणता?" हा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय. (सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाखांत जेमतेम तीन-चार चुका.) आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर तो आला, इन्क्रिमेंट पुढे ढकलल्याच्या दुसऱ्याच दिवशी. मला तो मनापासून खटकला, कारण त्यात डबेवाल्यांवरही अन्याय आहे.

बॉस नाही? प्रत्येक गटाला मुकादम असतो. भांडण तो मिटवतो, गिऱ्हाइकाची तक्रार तो ऐकतो. टोपी न घालता आलं किंवा कामावर पिऊन आलं तर दंडही आहे. पण मुकादम गटातूनच वर आलेला, गटानेच निवडलेला असतो आणि स्वतःही डबे वाहतो.

ट्रेनिंग नाही, हेही खोटं. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळातून आलेला पोरगा आधी जुन्या माणसाच्या हाताखाली राबतो. डब्याचं झाकण एकदा नीट बघा. मधला मोठा आकडा म्हणजे डबा कुठल्या भागात जायचा, कडेला इमारतीची खूण आणि मजला. लोकल स्टेशनात थांबते ते काही सेकंद. तेवढ्यात हे वाचता यायला हात आणि डोळा दोन्ही तयार लागतात.

सिक्स सिग्माचा शिक्का 1998 मध्ये फोर्ब्ज या अमेरिकी मासिकात लेख आल्यानंतर पसरला. डबेवाल्यांचं काम चोख आहेच, त्याला या शिक्क्याची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा, 'स्वतःचा लीडर'. डबेवाला पगारी नोकर नाही, हिस्सेदार आहे. गटाची कमाई खर्च वजा जाता आपसात वाटली जाते. कोणी आजारी पडलं तर गटात दोन-तीन माणसं जादा असतात. आमच्याकडे एक जण रजेवर गेला की त्याची सगळी कामं शेजारच्याच्या गळ्यात पडतात, आणि वर 'ओनरशिप घ्या' हे ऐकावं लागतं. माणूस कामात किती गुंततो याचा अभ्यास करणारे विल्यम कान यांनी 1990 मध्ये मांडलं होतं की माणूस कामात जीव ओततो तो तीन गोष्टी असतील तर: कामाला अर्थ वाटणं, मनातलं बोललं तरी नुकसान होणार नाही ही खात्री, आणि अंगात उरलेलं त्राण. यातली कुठली गोष्ट माणसाने एकट्याने, नुसत्या जिद्दीवर आणायची?

मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाली, ऑफिसं बंद झाली आणि डबेही थांबले. कित्येक जण गावी परतले. त्यांची जिद्द काही एका रात्रीत आटली नव्हती.

म्हणून मी त्याच मेसेजखाली दोन मागण्या लिहिल्या आहेत. टीम लीड निवडताना टीमला विचारा, आणि रजेच्या दिवसांसाठी दोन माणसं जादा द्या. उत्तराची वाट बघतोय.