‘रॉमध्ये काढा, लाइटचं नंतर बघू’ हा सल्ला कुठे फसतो

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या जोरात फिरतोय: रॉ फाईल (सेन्सरची कच्ची नोंद) काढा, लाइटच्या मागे लागू नका, एक्स्पोजर (फोटो किती उजळ), रंग, सावल्या, नॉइज (फोटोतले दाणे) सगळं लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये निस्तरता येतं. यातलं निम्मं खरं आहे. घोळ उरलेल्या निम्म्यात आहे.

‘एक्स्पोजर चुकलं तरी परत आणता येतं.’ आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) 100 वर फोटो दोन स्टॉप काळा आला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) तर येतं, वादच नाही. जास्त झालेलं मात्र येत नाही. 14 बिट रॉमध्ये उजेडाच्या 16,384 पायऱ्या असतात आणि त्यातल्या निम्म्या, म्हणजे 8,192, एकट्या सर्वांत वरच्या स्टॉपच्या वाट्याला येतात. पण शेवटची पायरी गाठली की पुढचं काहीच नोंदलं जात नाही. पैठणीच्या जरीवर किंवा नवरदेवाच्या घामेजल्या कपाळावर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल भरले असतील, तर हायलाइटचा स्लायडर उणे 100 वर नेऊन नुसता राखाडी डाग मिळतो. एखादाच चॅनेल गेला असेल तर सॉफ्टवेअर उरलेल्या दोघांवरून अंदाज बांधतं. हॅलोजनखालच्या हळदीत बहुधा लाल आधी भरतो आणि गाल सपाट केशरी होतात. म्हणून मागच्या स्क्रीनवर आरजीबी हिस्टोग्राम (प्रत्येक रंगाच्या उजेडाचा आलेख) लावून लालवर नजर ठेवा. तो हिस्टोग्राम जेपेग प्रिव्ह्यूवरून बनतो, रॉवरून नाही. पिक्चर स्टाइल (कॅमेऱ्यातली रंगांची सेटिंग) ‘विविड’ असेल तर तो उगाच घाबरवतो. ‘न्यूट्रल’ ठेवा.

‘व्हाइट बॅलन्स कधीही बदलता येतो.’ म्हणजे उजेडाच्या छटेनुसार फोटोचे रंग नंतर जुळवता येतात. एकाच जातीच्या उजेडात, बिनधास्त. मंडपात तसा उजेड असतो कुठे? एकीकडून 3200 केल्विनचा हॅलोजन (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), समोरून साधारण 5500 चा फ्लॅश, वर पिवळं कापड. फ्लॅशकडचा गाल नीट केला की दुसरा नारिंगी होतो; दुसरा सावरला की पहिला निळा. मास्क (फोटोचा ठरावीक भागच बदलायची निवड) लावता येतो, पण त्याची कड नाकावरून जाते आणि ते काम प्रत्येक फोटोत नव्याने करावं लागतं. त्यापेक्षा फ्लॅशवर फुल सीटीओ जेल (उजेड नारिंगी करणारी पारदर्शक पट्टी) चढवा आणि कॅमेरा 3200 वर ठेवा. जेल पाऊण ते एक स्टॉप प्रकाश खातं, तेवढी पॉवर वाढवा. हॉलचे दिवे 4000 च्या आसपास असतील तर हाफ सीटीओ पुरतं.

स्टेजवरच्या रंगीत एलईडी पारचा (स्टेजच्या झोताच्या दिव्यांचा) त्रास याहून मोठा. गडद निळ्या उजेडात चेहऱ्याचा लाल चॅनेल जवळपास रिकामाच असतो, तिथे कोणता स्लायडर काय करणार? मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी लाइटवाल्याला गाठून समोरचे दोन पार वॉर्म व्हाइटवर आणायला सांगा. एलईडी आडवे पट्टेही देतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर 1/500 सेकंद असेल तर पट्टे दिसतात, 1/100 किंवा 1/50 वर सहसा जातात. मंद केलेल्या एलईडीची लुकलुक वेगळ्याच वेगाची असू शकते, तिथे दोन-तीन चाचणी फोटो काढूनच शटर ठरवा.

‘एआय मास्कने लाइटिंग नंतर करता येतं.’ उजळ-गडद करता येतं. दिशा बदलताना पंचाईत होते. भर दुपारी डोळ्यांखाली पडलेली काळी खोबण उजळली तरी डोळ्यांत चमक येत नाही, आणि मुंडावळ्यांच्या सावलीच्या रेघा गालावर तशाच राहतात. प्रत्यक्षात हे सोपं आहे. 60 सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून 1 मीटरवर, डोळ्यांच्या थोडा वर आणि बाजूला धरा. मागची भिंत चेहऱ्यापासून 3 मीटर लांब असेल तर ती दिव्यापासून 4 मीटरवर पडते. तिच्यापर्यंत 1/16 प्रकाश पोचतो, म्हणजे भिंतीवर फ्लॅशचा प्रकाश चार स्टॉप कमी. केसांच्या बटा मास्कमधून वेचत बसायला नको. उन्हात एवढंच सांभाळा की शटर सिंक स्पीडच्या (फ्लॅशशी जुळणाऱ्या सर्वांत जलद शटरच्या), साधारण 1/200 च्या, वर गेलं आणि हाय स्पीड सिंक (त्याहून जलद शटरलाही फ्लॅश जुळवायची सोय) बंद असलं तर फ्रेमच्या कडेला काळा पट्टा येतो.

नॉइजच्या बाबतीत मात्र हा सल्ला बराचसा बरोबर आहे. आयएसओ 6400 वरचे चेहरे एआय डीनॉइज चांगले सावरतं. फक्त 100 टक्क्यांवर झूम करून पैठणीची जर तपासा. वीण पुसून प्लास्टिकसारखी दिसत असेल तर मात्रा 50 वरून 30 पर्यंत खाली आणा.