नवरा, रिमोट आणि डॉक्टर हू

नवरा "चल, एक एपिसोड बघू" म्हणाला की मी आधी कुकर लावून घेते, म्हणजे मध्येच उठायला शिट्ट्यांचं तरी कारण मिळतं. एपिसोड असतो तासाभराचा पण त्याच्यासोबत बघायचा तर अडीच तास धरून चालायचं, कारण रिमोट त्याच्या हातात आणि अंगठा कायम पॉजवर.

आम्ही राहतो इंग्लंडात, रेडिंगला. इथे ऑफिसात चहाच्या वेळेला डॉक्टर हूचा, म्हणजे काळात आणि अवकाशात हिंडणाऱ्या परग्रहावरच्या डॉक्टरच्या बीबीसी मालिकेचा, विषय निघाला की मी नुसती मान हलवते, म्हणून मागच्या हिवाळ्यात ठरवलं की बाकी काही नको, साठाव्या वाढदिवसाचे २०२३ मधले तीन स्पेशल आणि त्यानंतरचं जे काय महत्त्वाचं असेल ते, एवढं उरकून टाकायचं. आता डॉक्टर हूच्या भक्तासमोर "एवढं उरकून टाकू" म्हणणं म्हणजे आ बैल मुझे मार. दुसऱ्या दिवशी फ्रीजवर कचऱ्याच्या गाडीच्या टाइमटेबलशेजारी एक यादी चिकटलेली, "आधी काय बघायला हवं".

यादीत काय, तर डोना ही डॉक्टरची जुनी सोबतीण कळायला २००८ चा अख्खा सीझन, मग २०१० च्या नववर्षाचा स्पेशल, आणि तिसऱ्या भागात टॉयमेकर नावाचा जुना खलनायक येतो म्हणून १९६६ ची टॉयमेकरची गोष्ट. चार भागांची. त्यातला फक्त शेवटचा शिल्लक आहे, कारण त्या काळी व्हिडिओ टेप महाग, बीबीसीने जुन्या टेपा पुसून परत वापरल्या.
"मग आपण बघायचं काय?"
"आवाज आहे ना. लोकांनी घरी रेकॉर्ड केलेला."
म्हणजे शनिवारी संध्याकाळी टीव्हीसमोर बसून मी रेडिओ ऐकायचा!

बरं, सगळं मुळापासूनच बघू म्हटलं तर तीही सोय नाही. बीबीसीने आयप्लेअर या आपल्या ऑनलाइन सेवेवर आठशेच्या वर भाग टाकलेत पण २३ नोव्हेंबर १९६३ ला जिथून सुरुवात झाली ती पहिलीच गोष्ट नाही, हक्कांचं भांडण. त्या गोष्टीचा दिग्दर्शक वारिस हुसेन मूळचा लखनौचा, आणि हे नवरा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला अशा थाटात सांगतो की जणू स्टेशनवर सोडायला हाच गेला होता.

तेवढ्यात साताऱ्याहून सासूबाई आल्या, तीन महिन्यांसाठी. कानटोपी, शाल आणि मांडीवर मेथीची जुडी घेऊन सोफ्यावर बसल्या आणि आमच्या अभ्यासवर्गात एक विद्यार्थी वाढला. नवरा खूश. लगेच पॉज. "आई, हा डॉक्टर मरायला लागला की त्याचा चेहरा बदलतो, माणूस तोच, फक्त नट नवीन." १९६६ मध्ये पहिल्या डॉक्टरची, विल्यम हार्टनेलची, तब्येत साथ देईना म्हणून ही युक्ती काढली वगैरे सगळं रामायण. सासूबाई मेथी निवडत म्हणाल्या, "आमच्याकडे अपघात दाखवतात आणि तोंडाला बँडेज. पुढे?"

पुढे काय! ज्या माउलीने तीस वर्षं मराठी सिरियल बघितल्यात तिला परग्रहाचं काय कौतुक. डोनाची स्मृती गेलीय, आठवलं तर मरेल, हे नवऱ्याने फळ्यावर शिकवावं तसं सांगितलं, तर त्या म्हणे "मग आठवणार, आणि मरणार नाही." अगदी तस्संच झालं. तो परग्रहावरचा गोंडस केसाळ प्राणी, मीप, पडद्यावर आल्याआल्या "हा बरा दिसत नाही" म्हणून मोकळ्या. दुसऱ्या भागात विश्वाच्या टोकावरच्या रिकाम्या यानात डॉक्टर आणि डोनाचे तोतये येतात, हात भलतेच लांब, मी उशी तोंडासमोर धरलेली आणि या म्हणतात, "डबल रोल आहे."

त्या हादरल्या फक्त एका ठिकाणी. डोनाला लॉटरीत करोडो पाउंड लागलेले असतात आणि ती ते सगळे दान करून टाकते. "सगळे? अगं, निदान घर तरी फेडायचं आधी!" इथे पहिल्यांदा त्यांनी स्वतः पॉज करायला लावलं, आणि गाडी जी घसरली ती आमच्या घराच्या हप्त्यांवर.

डोनाचे विल्फ आजोबा व्हीलचेअरवर दिसले तेव्हा मात्र कोणीच काही बोललं नाही. ते काम करणारे बर्नार्ड क्रिबिन्स तो सीन करून २०२२ च्या जुलैत गेले. नवऱ्यानेही पॉज केलं नाही.

तिसऱ्या भागात डॉक्टर झालेल्या डेव्हिड टेनंटमधून नवा डॉक्टर शूटी गात्वा चक्क बाजूला निघतो, एकाचे दोन डॉक्टर, कपड्यांचीही वाटणी, त्यात गात्वाच्या वाट्याला पँट नाही. विश्वाचा निकाल लागतो चेंडू झेलायच्या खेळावर आणि हा तिथे चड्डीवर. नवरा भावूक होऊन साठ वर्षांची परंपरा कशी मोडली ते सांगतोय आणि सासूबाईंना एकच काळजी, गारठेल ना तो.

नाताळातले गॉब्लिन वगैरे भराभर झाले, ते तसे भराभरच बघायचे, आणि मधले बरेचसे गाळून आम्ही २०२५ च्या मेमधल्या शेवटावर पोचलो. गात्वा जातो आणि चेहरा येतो बिली पायपरचा, म्हणजे २००५ मधली डॉक्टरची सोबतीण रोझ. नवऱ्याने क्रेडिट्सवर पॉज केलं. बाकी नवीन डॉक्टर येतो तेव्हा "डॉक्टरच्या भूमिकेत" असं लिहितात, इथे नुसतंच तिचं नाव, भूमिकेचा पत्ता नाही. मग ती डॉक्टर आहे की रोझ आहे की आणखी कोणी, यावर अर्धा तास. भाजी गार झाली.

सासूबाई उठता उठता म्हणाल्या, "अरे, पैशाचं ठरलं नसेल अजून."

नवरा गप्प. मालिकेत भागीदार असलेल्या डिस्नीने २०२५ च्या ऑक्टोबरात अंग काढून घेतलं हे त्याला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

आता पुढचा स्पेशल २०२६ च्या नाताळात, असं बीबीसीने जाहीर केलंय. सासूबाई साताऱ्याला परत गेल्यात, पण रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तब्येतपाण्याच्या आधी नवरा विचारतो, "आई, तुला काय वाटतं, कोण असेल ती?" त्या सांगत नाहीत. म्हणतात, तिकीट काढ, येऊन सांगते.